चौदा खटके

सोमवार, नऊ तारीख, दुपार

प्रिय छकुले,

आशीर्वाद. पन्नाशी ओलांडलेल्या बहिणीला छकुली म्हणायचं म्हणजे जरा जास्तच होतं, पण दुसऱ्या कुठल्या नावाची जिभेला सवय नाही. दीड वर्षात तीही हाक मारली नाही, ते सोड. अक्षर मोठं आलंय म्हणून मी चिडून लिहिलंय असं समजू नकोस. नवं पेन जाड निघालं.

आई बरी आहे. खाते-पिते, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवते. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई तिला रोज पेपर वाचून दाखवतात. आधी मी वाचायचे. आता मला वेळ होत नाही.

माझ्या साखरेचं विचारशील, तर ती आहे तिथेच आहे, म्हणजे जास्तच. डोळे मी दरवर्षी न चुकता तपासून घेते. कोपऱ्यावरचा चष्मेवाला खुर्चीत बसवतो, काचा बदलत विचारतो, ही बरी की ती. मी काहीतरी एक सांगते आणि चष्मा घेऊन घरी येते. दवाखान्यातून तीन वर्षं चिठ्ठी येत होती, की साखर असणाऱ्यांनी डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढून घ्यावा. मी म्हणायचे, तपासलेत की डोळे, आता आणखी काय तपासायचं. चिठ्ठ्या बिस्किटांच्या डब्यात गेल्या.

गेल्या गुरुवारी पुन्हा त्याच्याकडे गेले. दाराची चौकट वाकडी दिसत होती, मला वाटलं नंबर वाढला. त्याने बराच वेळ काचा बदलून पाहिल्या आणि खोलीतला दिवा लावला.

"ताई, नंबर तोच आहे. मी चष्मा करून देणार नाही."

"का? गिऱ्हाईक नकोसं झालं?"

"दोष काचेचा नाही. पडदा बघायला हवा, ते यंत्र माझ्याकडे नाही. फोटो कधी काढला होता?"

"दरवर्षी तुमच्याकडे येते की."

"माझ्याकडे नंबर कळतो, ताई. साखरेने आत काय केलंय ते नाही कळत. दर खेपेला सांगत आलोय मी तुम्हाला."

सांगत आला होता, हे खरं आहे. मीच कानाआड करत होते.

फोटोआधी डोळ्यांत थेंब घालतात, मग चार-पाच तास सगळं धूसर. म्हणून प्रत्येक चिठ्ठीच्या तळाशी असायचं, सोबत कोणीतरी आणा. छकुले, माझं सगळं त्या ओळीपाशी अडायचं. जो सोबत येईल त्याला कळेल, आणि त्याच्याकडून तुला. तू गाडी घेऊन आईला न्यायला आलीस, तेव्हा मी दार अडवून काय म्हणाले होते, ते तू विसरली नसशील. मी धडधाकट असताना आईला कोणाच्या दारात पाठवणार नाही. त्याच दारामागे आता मी बसलेय. जिना मोजून उतरते, रस्ता ओलांडायची भीती वाटते, कोणी आलं की चष्मा पुसत बसते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. फोन केला असता, पण तू "मी म्हटलं नव्हतं का" म्हणालीस की मी ठेवून देईन.

आईच्या इन्सुलिनच्या पेनवरचे आकडे मला सहा महिने दिसत नाहीत. पेन फिरवलं की एकेका युनिटला खटका वाजतो. सकाळी चौदा. मी खटके मोजून इंजेक्शन देत होते. शनिवारी मोजता मोजता दाराची बेल वाजली. परत येऊन मी पहिल्यापासून चौदा मोजले, पण पेन मागे फिरवून शून्यावर आणायचं राहिलं. आधीचे किती होते कोण जाणे.

अकराच्या सुमाराला आई घामाने भिजली, थरथरायला लागली, मला तुझ्या नावाने हाका मारायला लागली. मास्तरीणबाई धावत आल्या. साखरपाणी पाजलं, डॉक्टरांना बोलावलं, तासाभराने ती सावरली.

सगळे गेल्यावर म्हणाली, "रोज मीपण मोजते गं तुझ्याबरोबर. आज जरा डोळा लागला माझा."

"तुला माहीत होतं?"

"चहा कपाबाहेर ओतायला लागलीस तेव्हापासून. छकुलीला सांगू नकोस. ती न्यायला येईल मला."

सहा महिने आम्ही दोघी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत होतो. मला फार लाज वाटली, छकुले. माझ्या हट्टापायी आई हातची गेली असती.

तेव्हापासून दोन्ही वेळा मास्तरीणबाई येऊन आकडा बघतात. पण त्यांनी तरी किती दिवस यायचं. चष्मेवाल्याने स्वतः फोन करून माझ्यासाठी पुढच्या बुधवारची, अठरा तारखेची, साडेदहाची वेळ घेतलीय. तू सोबत ये. गाडी आण. फोटो झाला की मला घरी सोड आणि आईला घेऊन जा. ती रुसेल, मला बोल लावेल, लावू दे. तिची बॅग मी भरून ठेवलीय. रंग नीट ओळखू आले नाहीत, तेव्हा दोन-चार कपडे माझेही गेले असतील.

पेन जाड निघालं असं वर लिहिलंय, ते खोटं आहे. मुद्दाम जाड आणवलं. बारीक अक्षर मला आता वाचता येत नाही, स्वतःचंसुद्धा.

आईला सकाळी चौदा, संध्याकाळी आठ. आकडा बघून दे. खटक्यांवर विसंबू नकोस.

तुझी
ताई