अप्पांचं टेबल आणि माझी मान

ता. ४ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मानेचं विचारलंस म्हणून सांगतो: आहे तिथंच आहे, आणि वळत नाही. घड्याळजीच्या दुकानात लोक बंद पडलेलं घड्याळ ठेवून जातात आणि जाताना एक उपायही ठेवून जातात. घड्याळ परत नेतात, उपाय राहतो. आतापर्यंत सहा उशा झाल्या. एक मध्ये भोक असलेली, एक हवा भरायची, एक नुसतीच महाग. शेजारच्या चष्मेवाल्यानं लोहचुंबकाची माळ दिली. ती गळ्यात घालून कामाला बसलो, तर दुरुस्त केलेली चार घड्याळं पुढे धावायला लागली. पोस्टमास्तरांच्या सल्ल्यानं दाराला कप्पी लावली, दोरीच्या एका टोकाला माझी हनुवटी आणि दुसऱ्याला पाण्याची पिशवी. त्या अवस्थेत एक गिऱ्हाईक आत आलं आणि ओरडत पळालं. त्याचं घड्याळ अजून इथंच आहे.

डॉक्टर म्हणतात, मान खाली घालून काम करू नका. मी म्हटलं, घड्याळ टेबलावर असतं, छताला नसतं. अप्पा याच टेबलावर वाकून बसले, कधी हूं की चूं केलं नाही. कामापुढे मान वाकलीच पाहिजे, ही त्यांची शिस्त. तशी पाटीच लिहून मी दुकानात लावली आहे. टेबल इतकं ठेंगणं की माझे गुडघे कडेला घासतात, पण घराण्याची रीत म्हटल्यावर गुडघ्यांनी मध्ये बोलू नये.

बाकी क्षेम. तुझा लोभ आहेच. तेवढा उशीच्या रूपात पाठवू नकोस.

तुझा,
धाकट्या


ता. ११ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून हसले, मग हसल्याबद्दल वाईट वाटलं, मग कप्पीपाशी आले आणि परत हसले. घड्याळजीच्या गळ्यात लोहचुंबक! अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं आई उगीच नाही म्हणायची तुला.

एक गोष्ट मात्र खटकली. गुडघे घासतात म्हणतोस. अप्पांचं टेबल चांगलं उंच होतं. बसलेल्या माणसाच्या छातीला लागायचं. माझ्या मनात एक शंका आहे, पण आत्ता सांगितली तर तू भांडशील. आधी टेबलाची उंची मोजून कळव. आणि चारी पायांचे तळ वाकून बघ. नाहीतरी वाकलेलाच असतोस.

शिवणयंत्रावर बसलं की माझा उजवा गुडघा ठणकतो. तू विचारलं नाहीस म्हणून सांगत नाही.

घरच्यांना आशीर्वाद. राग आला तरी उत्तर धाड.

तुझी ताई


ता. १९ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

टेबल मोजणार नाही. त्याच्यासमोर अप्पांनी आयुष्य काढलं, तिथं टेप लावणं मला जमणार नाही. उंच होतं म्हणतेस, ते तू लहान होतीस म्हणून उंच वाटलं असेल.

आता गळ्याला पट्टा लावला आहे, झकास आराम आहे. हनुवटी वर राहते, त्यामुळे रस्त्यात लोकांना मी गर्विष्ठ झालोय असं वाटतं आणि ते आपणहून नमस्कार करतात. हाताला थोड्या मुंग्या येतात, विशेष काही नाही. काळजी नसावी, माया असावी.

तुझा,
धाकट्या


ता. २४ जानेवारी

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र ह्यांना न सांगता लिहिते आहे. ह्यांनी तुम्हाला आराम आहे म्हणून कळवलं असेल. आराम कसला! हातातून चिमटा निसटतो. परवा शाळेतल्या बाईंच्या घड्याळाचं चक्र पडलं आणि आम्ही दोघं अख्खी दुपार फरशीवर रांगत होतो. पुढच्या महिनाअखेरीला दुकान चष्मेवाल्याला द्यायचं ह्यांनी ठरवलंय. मला सांगितलंसुद्धा नाही. तो कपाटं मापायला आला तेव्हा कळलं. वन्सं, घरात पाच मिनिटं रिकामे बसले तर हे भिंतीवरचं चालू घड्याळ उघडतात. दुकान गेल्यावर ह्यांचं काय होईल, मला कल्पनाच करवत नाही.

तुम्ही टेबल मोजायला सांगितलंत म्हणून हे चार दिवस धुसफुसत होते. मीच जेवणानंतर हे आडवे झाल्यावर टेप घेऊन गेले. उंची पंचवीस इंच. पायांना सगळीकडे पॉलिश आहे, तळाला नाही. तिथं करवतीचे ओरखडे आहेत. ह्याचा अर्थ काय, ते तुम्हीच सांगा.

आपली माया आहे म्हणून धीर आहे.

आपली,
भावजय


ता. २९ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

सोबत पार्सल आहे. आधी पत्र वाच.

तू सहा वर्षांचा होतास. अप्पांचं काम बघायचं म्हणून उंच स्टुलावर चढायचास. एकदा पडलास, हनुवटीवरचा तो व्रण त्याचाच. आईनं घर डोक्यावर घेतलं आणि तुला दुकानबंदी केली. तू तीन दिवस जेवला नाहीस. चौथ्या दिवशी अप्पांनी करवत आणली आणि टेबलाचे चारी पाय वीत-वीतभर कापले. पाय धरून मी बसले होते. पोरगं मोठं झालं की परत जोडू, असं म्हणाले होते. तू मोठा झालास, मी सासरी आले, आणि ते राहूनच गेलं. मी आपली समजत होते की नवे तुकडे करून कधीच जोडले असतील.

आणि ते हूं की चूं करत नव्हते म्हणतोस? रोज संध्याकाळी त्यांची मान मी गरम फडक्यानं शेकायची. तुझ्या कानावर जाऊ द्यायचं नाही, अशी तंबी होती. नाहीतर पोरगं शेजारी बसायचं सोडेल म्हणायचे.

पायांचे ते कापलेले ठोकळे माझ्याच ट्रंकेत आले होते, पार्सलात तेच आहेत. सुताराला बोलाव. आजवर मान खाली घालून भांडलास तेवढं पुरे, आता वर करून भांड.

तुझी ताई


ता. २० फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ठोकळे सुतारानं बसवले. प्रत्येकावर अप्पांच्या हातची पेन्सिलीची खूण होती: पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा. ते बघून मी सुतारासमोरच रडलो. त्याला वाटलं मान दुखतेय. त्यानंही एक तेल सुचवलं.

दुखणं अजून आहे, पण मुंग्या कमी झाल्या. डॉक्टरांनी व्यायाम दिलेत, ते आता निमूट करतो. बाईंचं घड्याळ काल चालू करून दिलं. इतकी वर्षं मी लोकांना मनगटावरून ओळखत होतो, आता तोंडं दिसतात. बरीच म्हातारी झाली आहेत. चष्मेवाल्याला नाही म्हणून सांगितलं आणि त्याची माळही परत केली.

पाटी काढली. अप्पांची मान माझ्यापायी गेली, आणि मी ती त्यांची शिस्त म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत होतो. लाज वाटते.

आणखी एक. तीन ठोकळे धुळीनं काळे होते. चौथ्याचा माथा मात्र गुळगुळीत झिजला आहे, आणि भेगेत शिवणाचा दोरा अडकलेला होता. यंत्रावर बसताना दुखऱ्या गुडघ्याचा पाय तू त्याच्यावर ठेवत होतीस ना? इतक्या पत्रांत मी तुझ्या गुडघ्याचं एकदाही विचारलं नाही.

सुताराला परत बोलावलंय. तुझ्यासाठी पायठेवणं करायला सांगितलंय. तुझ्या खुर्चीची उंची मोजून कळव. भांडू नकोस, आधी मोज.

तुझा,
धाकट्या