जोडीदाराचा नंबर

३ नोव्हेंबर
जयपूर आवडलं. खोली विद्याधर नगरात, वरच्या मजल्यावर, दुपारभर ऊन येतं. ऑफिस सी-स्कीममध्ये, बसनं जाता येतं. घरमालक पंढरीनाथ गजभिये रेल्वेत आहेत, बदलीनं इथं आलेले, मूळचे आमच्या नागपूरचेच. रत्नमालाकाकूंनी पहिल्याच संध्याकाळी खाली जेवायला बोलावलं. पाटवडीचा रस्सा होता. त्यांची अक्षदा दहावीत आहे. अडखळत म्हणाली, "संकल्पदादा, तुम्ही मतलब रोज आमच्याकडेच जेवणार ना?" काकूंनीच हो म्हणून टाकलं. घर सोडल्याचं काही वाटेनासं झालं.

९ नोव्हेंबर
गोळ्या संपत आल्या होत्या. इथलं सरकारी केंद्र ‘निकट’ या अ‍ॅपनं शोधून दिलं. एचआयव्ही असल्याचं कळून दोन वर्षं झाली. नागपूरच्या डॉक्टर मॅडम सांगतात, रक्तात विषाणू आता सापडतही नाही, गोळी चुकवू नकोस, तुझ्यापासून कुणाला लागण होणार नाही. अ‍ॅप रोज गोळीची आठवण करतं, रिपोर्ट जपून ठेवतं. नव्या शहराचा पत्ता मागितला, दिला. इथला आणखी एक नंबर मागितला, पंढरीनाथकाकांचा दिला. ‘जोडीदार’ या रकान्यात निहारचं नाव आणि नंबर टाकला, म्हणजे त्यालाही तपासणीची आठवण जाईल. निहार अमरावतीला शाळेत शिकवतो, आईसोबत राहतो. त्याला माझं सगळं माहीत आहे. त्याच्या घरी मात्र मी नुसता मित्र.

१६ नोव्हेंबर
फोन उघडला की जाहिराती. खात्रीचा इलाज, गुप्त इलाज. आज ऑफिसात एका बाईचा फोन आला. गोड आवाजात म्हणाली, "संकल्पजी, वो वाली दवा टाइम पे ले रहे हैं ना?" मी नंबर कुठून मिळाला विचारलं, तर हसून म्हणाली, आपने ही तो दिया है.
‘निकट’च्या कंपनीला लिहिलं. लगेच नम्र उत्तर आलं. माहिती फक्त सहयोगी संस्थांना दिली जाते, आणि तशी संमती मी दिलेली आहे. खरंच दिली होती. न वाचता.

२१ नोव्हेंबर
त्याच बाईनं काकांना फोन केला. आपके यहाँ जो पेशंट रहते हैं, असं म्हणाली. कशाचा पेशंट तेही सांगितलं.
काका मला एवढं सांगून आत गेले. संध्याकाळी माझं ताट जिन्याच्या पायरीवर ठेवलेलं होतं. स्टीलचं नव्हे, कागदाचं. शेजारी कागदाचाच पेला. काकूंच्या आजोबांना गावात कुणी भांड्याला हात लावू देत नसे, वरून ओंजळीत पाणी ओतत. हे त्यांनीच मला मागच्या रविवारी सांगितलं होतं, सांगताना डोळ्याला पदर लावला होता. मी खाली जाऊन म्हणालो, काकू, असं जेवणातून होत नाही. त्या म्हणाल्या, "माहीत आहे रे बाबा. पण घरात मुलगी आहे."
जेवलो. भूक लागली होती.

२४ नोव्हेंबर
अ‍ॅप काढून टाकलं. खातं बंद केल्याचा निरोप आला. तासाभरात अनोळखी नंबरवरून माझाच रिपोर्ट आला. खाली निहारचं नाव, शाळेचं नाव.
काय पाहिजे, विचारलं. पुन्हा तोच रिपोर्ट. पैसे मागत नाहीत. काहीच मागत नाहीत. नुसतं पाठवतात—

२५ नोव्हेंबर
पोलिसांकडे गेलो. हवालदारानं रिपोर्ट वाचला आणि खुर्ची थोडी मागे घेतली. तक्रार ऑनलाइन करा म्हणाला.
निहारला सगळं सांगितलं. त्यानं एवढंच विचारलं, माझा नंबर त्यांना कुणी दिला.
मी—

२७ नोव्हेंबर
त्यांनी निहारच्या शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर टाकलं. माझा रिपोर्ट, माझ्या फोनमधला आमचा फोटो. निहारनं सकाळी कळवलं, शाळेनं उद्यापासून येऊ नका सांगितलं. तो निगेटिव्ह आहे. कुणी विचारलंच नाही.
फोन उचलत नाही. पन्नासदा तरी—
काकांनी खोली रिकामी करायला सांगितलं. बरं म्हणालो. गाडीचं तिकीट मिळत नाही.

२८ नोव्हेंबर
सकाळी निहारच्या नंबरवरून फोन. निहार नव्हता. त्याची आई. मला म्हणाल्या, संकल्प तूच ना रे, तो तुझ्याकडे आलाय का. नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, फोन घरीच ठेवून गेला, काल दुपारपासून—
मग मागून कुणीतरी त्यांना हाक मारली. छत्री तलावाजवळ निहारची गाडी सापडली म्हणे. लॉक केलेली. त्या मलाच विचारत होत्या, गाडी लॉक आहे म्हणजे परत येणार ना, आणि मी हो म्हणालो, हो काकू, येणार, आणि तेवढ्यात तिकडून कुणीतरी म्हणालं की पाण्यात