चातुर्मासात सोडलेली मराठी

सांगली

प्रिय सुंदरी,

जय जिनेंद्र, आणि भरभरून आशीर्वाद. तू चातुर्मासात मराठी बोलायचं सोडलंस. वाचायचं सोडलंयस असं काही म्हणाली नव्हतीस, म्हणून लिहिते. तुझी आजी पालेभाजी सोडायची, मी दरवर्षी गोड सोडते. पण चार महिने स्वतःची भाषाच सोडणारी आपल्या घरात तूच पहिली. आषाढात जपानहून फोन करून म्हणालीस, "आई, डिसेंबरात परीक्षा आहे. आमच्या बाई म्हणतात, घरची भाषा तोंडात आहे तोवर जपानी जिभेवर बसायची नाही. मी नियम घेतलाय. आता दिवाळीनंतर बोलू." आणि मी म्हणाले, "घेतलास ना, मग मोडू नकोस." दुसरं काय म्हणणार? लहानपणी पर्युषणात तू गोड सोडलं होतंस आणि लालासाहेबमामा नेमके साताऱ्याचे कंदी पेढे घेऊन आले. पेढा मुठीत धरून तू रडत होतीस, तेव्हा नियम म्हणजे नियम हे मीच तुला सांगितलं होतं. तू तो पेढा पर्व संपेपर्यंत डब्यात ठेवलास. यंदा त्या डब्यात मला ठेवलंयस.

घरचं सगळं ठीक. आण्णांचा गुडघा थोडा बरा आहे. कृष्णेला पाणी बरंच होतं, पण आपल्या गल्लीपर्यंत आलं नाही. बस्तीत दर्शनाला यंदा गर्दी चांगली असते. तुझे फोटो रोज बघते. तू फोटो पाठवतेस, खाली दोन शब्द लिहितेस, "मी बरी", आणि आण्णा म्हणतात, झालं की, पोरगी बरी आहे. त्यांचं तेवढ्यावर भागतं. फोटोत तुझ्या मागे नेहमी त्या तुझ्या घरमालकीणबाई असतात, किमुरा आजी. एकात त्या तुला फळ सोलून देतायत. एकात तुम्ही दोघी कशालातरी हसताय. कशाला हसत होता ते मला कोण सांगणार? उन्हाळ्यात तूच कौतुकाने सांगितलं होतंस, की तू मासळी खात नाहीस म्हणून त्या तुझ्यासाठी समुद्रातल्या पाल्याचं वेगळं सार करतात, आणि सुट्टीच्या दिवशी दिवस मावळायच्या आत तुला जेवायला खाली हाक मारतात. मी म्हटलं, पुण्यवान बाई आहे. म्हटलं खरं, पण संध्याकाळच्या जेवणाची तुझी काळजी करायचं काम माझं होतं. एखादीचा राग करावा तर तिने रागाला थोडी जागा तरी ठेवावी. ह्या बाईने तीही ठेवली नाही. आणि श्रावणातला तो फोटो. तू खाली बसलीयस आणि त्या तुझी वेणी घालतायत. सुंदे, तो फोटो मी आण्णांना दाखवला नाही.

बरं, मुख्य बातमी. लालासाहेबमामांची रेश्मा आली होती साताऱ्याहून. नर्सिंग झालंय तिचं, तिलाही जपानला जायचंय. येताना कंदी पेढे आणले, ते मी तसेच ठेवलेत. आल्या आल्या म्हणाली, "आत्या, सुंदरीताई कशी शिकली ते सांगा. मला लय अवघड वाटतंय. क्लासची फी भरली, चार पुस्तकं घेतली, आन् डोक्यात कायबी शिरंना." मी म्हटलं, चार पुस्तकं घेतलीस तिथंच चुकलीस. एक पुस्तक घे आणि ते संपव. चार भाज्या एकदम चिरून ठेवल्या की एकही धड शिजत नाही. तिची वही बघितली, तर प्रत्येक जपानी अक्षराखाली देवनागरीत उच्चार लिहिलेला. म्हटलं, आधी हे पुसून टाक. खाली मराठी दिसली की डोळा वरच्या अक्षराकडे जातच नाही, वर्षभर शिकलीस तरी मराठीच वाचशील. अक्षरं पाटीवर गिरव, कागद फुकट जात नाही. रेघ कुठून सुरू होते आणि कुठे संपते ते रांगोळीसारखं हाताला कळलं पाहिजे. मग ती चित्रासारखी मोठी अक्षरंसुद्धा घाबरवत नाहीत.

आणि इंग्रजीतून शिकू नकोस म्हटलं, आपल्या मराठीतून शीक. इंग्रजीत क्रियापद मधेच येऊन बसतं. जपान्यांचं आपल्यासारखं शेवटी येतं. आपण "घराला, घरात, घरून" म्हणतो तसं त्यांचंही शब्दाच्या मागे काहीतरी चिकटतं. तांदूळ वेगळा आणि भात वेगळा हे इंग्रजांना समजलं नाही, त्यांना समजतं. कच्चा असताना कोमे, शिजला की गोहान. रेश्मा बघतच राहिली. मग म्हणाली, शब्द पाठ होतात पण बोलायला गेलं की तोंडच उघडत नाही. मी म्हटलं, तू पूजेला बसतेस तेव्हा एकेक शब्द शिकून बसतेस का? पंडित म्हणतात आणि आपण त्यांच्या मागोमाग अर्ध्या शब्दावर म्हणत जातो. अर्थ नंतर उमजतो, चाल आधी बसते. मोबाईलवर एकच छोटा धडा लाव आणि धड्यातल्या बाईच्या मागोमाग मोठ्याने म्हण, रोज तोच, कंटाळा येईपर्यंत आणि कंटाळा आल्यावरही. सुटा शब्द कधी पाठ करू नकोस, वाक्यच कर. आणि रोज थोडं. दुधाचा हिशोब रोजच्या रोज लिहिला तर दोन ओळींचं काम असतं, महिन्याने लिहायला बसलं की भांडण होतं. तिचा भाऊ शिवतेज जर्मन शिकतोय म्हणे, वैतागलाय, कारण तिथे प्रत्येक वस्तूला लिंग. मी म्हटलं, त्याला सांग, मराठी माणसाने तरी ह्याची तक्रार करू नये. आपली खुर्ची ती, आपला पलंग तो, आपलं कपाट ते, कुणी शिकवलं होतं? शब्द आला तोच तो-ती-ते घेऊन आला. तसाच घ्यायचा.

जाताना दारात चप्पल घालता घालता रेश्मा म्हणाली, "आत्या, तुमाला एवढं कसं ठावं?" मी म्हटलं, सुंदरीचं ऐकून ऐकून. तिचा विश्वास बसला नसावा. तिची नजर स्वयंपाकघरातल्या डब्यांवर होती. आण्णा आतून ओरडले, "अगं रेश्मा, ही हल्ली मिठाच्या डब्याशी बोलती, तू मनावर घेऊ नको."

तुझ्या नियमाबद्दल मी बस्तीत उपाध्यांना विचारलं होतं, हे तुला सांगायचं नव्हतं. श्रावणात एकदा फारच जीव कासावीस झाला तेव्हा गेले. म्हटलं, पोरीने परदेशात आईशी बोलण्यापुरती सवलत घेतली तर चालेल का? उपाध्ये गंध उगाळत होते, मान वर न करता म्हणाले, "आवं कस्तुरीकाकी, नियम तिनं घेतलाय आणि पळवाट तुमी शोधताय व्हय?" तिथल्या सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. घरी येताना मात्र रस्ताभर एकच विचार होता. माझी मुलगी सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलतेय, हसतेय, कुणाच्या तरी हातची वेणी घालून कामाला जातेय. ते सगळं ज्या भाषेत चाललंय ती भाषा त्या बाईला फुकट मिळालीय. तिला कष्ट काहीच पडले नाहीत. ती नुसती तिथे जन्मली. आणि तुला बोलायला शिकवलं मी, हळद लागलेल्या हाताने तुझी जीभ धरून "ळ" म्हणायला लावला मी, आणि माझ्याच वाट्याला "मी बरी" एवढंच.

तर आता ऐक. तुझी जुनी जपानीची पुस्तकं तू माळ्यावर टाकून गेली होतीस. ती मी उपाध्यांकडून आले त्याच दिवशी खाली काढली. पाटी घरात होतीच. रेश्माला सांगितलेलं सगळं माझ्याच चुकांतून आलेलं आहे. अक्षरांखाली देवनागरी आधी मीच लिहिली होती आणि मीच पुसली. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर जपानी नावं चिकटवलीत, ती वाचत पोळ्या लाटताना बोलते, भांडी घासताना बोलते. आण्णांना वाटतं मी काहीतरी स्तोत्र म्हणतेय. नियम मराठीचा आहे, आईचा नाही. म्हणून येत्या रविवारी बस्तीतून आले की मी तुला फोन करणार आहे, आणि मराठीचा एक शब्दही बोलणार नाही. मला फार येत नाही. जेवलीस का, झोप नीट लागते का, थंडी वाजते का, घरी कधी येणार, एवढं येतं. तू सावकाश उत्तर दे, आणि माझे उच्चार सुधारायला लगेच धावू नकोस. हे सगळं आधीच लिहून कळवतेय, नाहीतर फोनवर भलतंच काही ऐकून तूच घाबरून "आई, काय झालं" म्हणशील आणि तुझा नियम माझ्यामुळे मोडेल. पत्राचे फोटो माझे मीच काढून पाठवतेय, तेही शिकले. पहिल्यांदा तू एकटी बोल. नंतर किमुरा आजींना फोन दे. त्यांच्यासाठी एकच वाक्य पाठ केलंय, गेले कित्येक दिवस रोज म्हणतेय, कुठे अडखळायला नको म्हणून. हिचे केस दाट आहेत, सैल घातली की दुपारपर्यंत सुटते, वेणी घट्ट घाला.

तुझीच,
आई