तबकडी आणि महालक्ष्म्या

तुकोगंज, इंदूर
कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी

सौ. पद्मजाताई,

सप्रेम नमस्कार, आणि त्याच्या जोडीला थोडा संताप. तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचं कोलेस्टेरॉल उतरलं की त्यांनी फक्त तपासणी बंद केली? आम्ही इकडे सगळे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते, खरं काय ते पुढे वाचशीलच. फोन का केला नाही असं विचारशील, तर आमच्या फ्लॅटमध्ये गॅलरीत बोललेलं देवघरात नीट ऐकू येतं, आणि व्हॉट्सॲपवर काही लिहावं तर तू वाचायच्या आधीच बदाम पाठवून मोकळी होतेस. तेव्हा कागद घेतला आहे. बस आणि वाच.

विषय तुझ्या भेटीचा. वाढदिवसाला लोक साडी देतात, पुस्तक देतात, फारच कंटाळा असेल तर काचेचे बाऊल देतात. तू पाळीची डिस्क पाठवलीस. वर तो लांबलचक व्हॉइस मेसेज, की पॅड म्हणजे गुलामगिरी, टॅम्पॉन म्हणजे अर्धी गुलामगिरी, आणि ही डिस्क बसवली की बारा तास आपण बाई आहोत हेच विसरायला होतं. (मला काही विसरायचं नव्हतं. मला फक्त चादर स्वच्छ ठेवायची होती.) पुण्याला राहायला गेल्यापासून तुला दर सहा महिन्यांनी एक मुक्ती सापडते. आधी ते मिलेट, मग थंड पाण्याची आंघोळ, आता ही तबकडी. मी तिला तबकडीच म्हणते. कुकरच्या रिंगला कुणी पातळ पिशवी चिकटवावी तशी ती दिसते, आणि पहिल्यांदा पाहिल्यावर ही जायची कुठे, असा प्रश्न कुठल्याही शहाण्या बाईला पडेल.

सोबतचं माहितीपत्रक हसऱ्या इंग्रजीत होतं. पहिली सूचना अशी की शरीर सैल सोडा. चित्रातल्या बाईला डोकं नव्हतं, त्यामुळे तिला ते सहज जमलं असावं. मला डोकं आहे, शिवाय बाथरूमच्या बाहेर नवरा आहे, ज्याला नेमका त्याच वेळी दाढीचा ब्रश हवा होता. रिंग चिमटीत दाबून लांबट करायची आणि आत सरकवायची, इतकं सोपं ते. पहिल्या वेळी ती हातातून निसटून टाइल्सवर आपटली, दुसऱ्या वेळी बादलीत गेली, आणि तिसऱ्या वेळी गिझरच्या मागे जाऊन बसली. उन्मेषनं बाहेरून विचारलं की आत काय चाललंय. मी म्हटलं, योग. तो म्हणाला, बरं. चार वर्षांच्या संसारात त्या माणसानं माझ्या एकाही उत्तरावर उलटा प्रश्न केलेला नाही, आणि याला तो स्वभावातला गोडवा समजतो.

अखेर बसली. आणि ताई, मला हे लिहिताना जड जातंय, पण बसल्यावर ती कळत नाही. ऑफिसला गेले, साइटवर तीन मजले चढले, राजवाड्याला जाऊन महालक्ष्म्यांसाठी साड्या बघितल्या, काही नाही. फक्त उकिडवं बसून जोर आला की तिचा तोल जातो आणि ती आपला माल सोडते, हे तुझ्या त्या मेसेजमध्ये कुठेच नव्हतं. पत्रकात मात्र होतं, अगदी शेवटी, बारीक अक्षरात, जणू हा तिचा एक जादा गुणच आहे. मला ते उकिडवं बसून मोलकरणीला कोचाखालचं जाळं दाखवताना कळलं. तुझ्या बारा तासांच्या मुक्तीतले पाऊण तास मी त्या दिवशी पँट धुण्यात घालवले.

आता इथवर हे माझं आणि तबकडीचं खाजगी भांडण होतं. पुढे जे झालं ते फक्त आमच्या इंदुरातच होऊ शकतं. तुला माहीत आहे, आमच्याकडे कचरागाडी रोज सकाळी गाणं वाजवत येते आणि तिच्यात ओल्याचा कप्पा वेगळा, सुक्याचा वेगळा, आणि पॅड-डायपरचा आणखी वेगळा. शहर स्वच्छ आहे, त्याबद्दल अभिमानच आहे. पण कचरा द्यायला आमच्याकडून सासूबाई जातात. शशिकलाबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, चाळीस वर्षं हजेरी घेतलेला माणूस. त्यांना तिथे शेजारच्या सुनीताभाभी भेटतात, गप्पा होतात, आणि कागदात गुंडाळलेली कुणाची पुडी कधी त्या तिसऱ्या कप्प्यात पडली हे दोघींच्याही लक्षात राहतं. माझ्या तारखा मला मोबाइल सांगतो, त्यांना गाडी सांगते. आणि तबकडी तर धुऊन परत वापरायची असते, फेकायची नसते.

श्रावणात माझी पुडी पडलीच नाही.

त्यात भर अशी की त्याच सुमारास मी गोळी घ्यायला नकार दिला होता. ही गोळी म्हणजे काय ते तुला सांगायला नको. महालक्ष्म्या आणि माझी पाळी यांचं काय सख्य आहे देव जाणे, दर वर्षी दोघी एकत्रच येतात. मग आधीपासून पाळी पुढे ढकलायची गोळी घ्यायची, नाही तर तीन दिवस मागच्या खोलीत बसून पुरणाचा वास घ्यायचा. पहिल्या वर्षी मी खोलीत बसले. नंतरची दोन वर्षं गोळ्या घेतल्या आणि देवीच्या जेवणाच्या दिवशी डोकं धरून ओकत होते. सासूबाई म्हणतात, मी काही जुन्या विचारांची नाही हो, पण देवीचं आहे. (जगातले सगळे जुने विचार या एका वाक्यातून आत येतात.) या वर्षी मी सांगितलं, आई, मी गोळी घेणार नाही. मनात ठरवलं होतं की तबकडी बसवायची, गप्प राहायचं आणि माझ्या घरातला सण मी माझ्या पायांवर उभी राहून करायचा. मला एवढंच हवं होतं, ताई. मुक्ती वगैरे तू तुझ्याकडे ठेव.

पण मुख्याध्यापिकाबाईंनी गणित मांडलं. पुडी नाही, गोळी नको म्हणते, बाथरूममध्ये फार वेळ असते. उत्तर उघड होतं. आणि तीन महिने होईपर्यंत हे तोंडातून काढायचं नाही, दृष्ट लागते, ही आपल्याकडची रीत. म्हणून त्या मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. फक्त सकाळी केशर घातलेलं दूध यायला लागलं. सिलिंडर हलवायला त्या खालच्या वॉचमनला बोलवू लागल्या. सियागंजातून माझ्यासाठी वेगळे बदाम आले, पपई घरातून नाहीशी झाली. मी मूर्ख समजले की ठामपणे नाही म्हटल्याचा हा परिणाम आहे, बाईंना माझ्याबद्दल आदर वाटायला लागला! उन्मेष भांडी घासू लागला तेव्हा तरी मला संशय यायला हवा होता. त्याला आईनं सगळं सांगितलं होतं, आणि त्यानं बायकोला विचारण्याऐवजी, ती सांगेल तेव्हा सांगेल, असं म्हणून महिनाभर गोड हसत काढला. माझ्या पोटात काय आहे याची बातमी माझ्या नवऱ्याला कचरागाडीवरून मिळाली आणि त्यानं ती खरी मानली. असा उंटावरचा शहाणा शोधून सापडायचा नाही.

महालक्ष्म्या आल्या, आणि पूजेच्या दिवशी पहाटे ठरल्याप्रमाणे तीही आली. म्हणजे पाळी. तबकडी बसवली आणि कामाला लागले. पुरण मी शिजवलं, सोळा भाज्यांची भाजी मी केली, थोरलीच्या साडीच्या निऱ्या मी घातल्या. रांगोळी मात्र पाटावर मांडी घालून काढली, उकिडवं बसायची माझी हिंमत नव्हती. सासूबाईंना वाटलं मी जपतेय. त्यांनी कौतुकानं पाठीमागे उशी आणून ठेवली.

दुपारी सुनीताभाभी सवाष्ण म्हणून जेवायला आल्या. नैवेद्याची ताटं तयार होती. त्यांनी मला कोपऱ्यात ओढलं, गालावरून हात फिरवला आणि कानात म्हणाल्या, “बधाई हो भाभी. अम्माजी ने कुछ नी बोला, पन अपन तो गाड़ी पे समझ गए थे.” आणि मागून सासूबाई माझी ओटी भरायला खण, नारळ आणि पाच फळं घेऊन येत होत्या. तेव्हा दुधापासून उशीपर्यंत सगळा महिना एकदम माझ्या डोक्यात उजळला.

गप्प राहता आलं असतं. पूजेपुरतं तर मी तेच ठरवलं होतं. पण नसलेल्या बाळाच्या नावानं पदर पसरायचा, आणि तोही त्या बाईसमोर जिचा चेहरा मी इतका उजळलेला कधी पाहिला नव्हता, हे मला होईना. मी त्यांना स्वयंपाकघरात नेलं, दार लोटलं आणि म्हटलं, “आई, तसं काही नाहीये. मला आज पाळी आलीय. पहाटे.”

त्यांनी आधी पुरणाकडे पाहिलं. मग भाजीच्या पातेल्याकडे. मला वाटलं आता सगळा स्वयंपाक खाली जाणार आणि मी मागच्या खोलीत. मग त्या स्टुलावर बसल्या आणि नारळ मांडीवर धरून रडल्या. विटाळासाठी नव्हे, ताई. त्या बाळासाठी, जे महिनाभर फक्त त्यांच्या एकटीच्या घरात होतं. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला, की विचारलं असतं तर एका वाक्यात उत्तर दिलं असतं. मग त्यांनी पदरानं डोळे पुसले, घसा साफ केला आणि शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, “नैवेद्य गार होतोय. ताट उचल.”

मी उचललं. देवीनं खाल्लं, सुनीताभाभींनी तिसरी पोळी मागितली, छत जागच्या जागी राहिलं.

एकूण तात्पर्य असं की तुझ्या भेटीनं माझी पँट खराब केली, सासूबाईंचं मन मोडलं, नवऱ्याचं अज्ञान चव्हाट्यावर आणलं. पुन्हा असलं काही पाठवू नकोस. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
मधुवंती

ता. क. शेवटून दुसरं वाक्य खोडलेलं आहे असं समज. या महिन्यातही मी तीच वापरली. आता सासूबाई स्वतःच एका कागदाची रिकामी पुडी बांधून त्या कप्प्यात टाकतात, कॉलनीनं परत हिशोब मांडू नये म्हणून. परवा गाडीवाल्यानं सुका कचरा चुकीच्या कप्प्यात टाकल्याबद्दल त्यांना चारचौघांत सुनावलं. मुख्याध्यापिकेनं निमूट ऐकून घेतलं.

ता. क. २. तर एक डिस्क पाठव. मला नाही, नंदिनीला. माझी नणंद, देवासला दिलेली. तिच्या सासरी अजून चार दिवस वेगळी चटई आहे, आणि मार्गशीर्षात तिच्या दिराचं लग्न नेमकं तिच्या तारखेवर येतंय. पार्सल माझ्या नावानं, वर फराळ असं लिही. हे मी नाही, सासूबाई मागतायत. काल लसूण सोलता सोलता, वर न बघता म्हणाल्या, “माझ्या सख्ख्या भावाचं लग्न मी कोठीत बसून काढलं. मंगलाष्टकं ऐकली, पाहिली नाहीत. नंदूला बघू दे.”