‘ना’ खोडलेला प्रश्न

मंगळवार, १४ तारीख

ताई,

नमस्कार. घरी सगळे मजेत, आईचे गुडघे सोडून. कुरकुरतात म्हणजे जिवंत आहेत, असं बाबांचं म्हणणं. पत्र तुझ्या घरी न पाठवता तू काम करतेस त्या दातांच्या दवाखान्यावर का पाठवलं, ते सांगते. आधी माझी फजिती ऐक.

आम्हाला या सहामाहीत ‘संशोधन पद्धती’ आहे. मला वाटलं होतं, चार प्रश्न विचारायचे, टक्केवारी काढायची, झालं. पहिल्याच प्रश्नावलीत मी लिहिलं, ‘तुम्ही घरी सुखात आहात ना?’ बाईंनी फक्त ‘ना’ खोडला. म्हणाल्या, “अगं, हा ‘ना’ समोरच्याच्या तोंडात उत्तर कोंबतो. यावर ‘नाही’ म्हणायची कुणाची छाती होईल?” वर्ग खो खो हसला. मीही हसले.

मग सरावासाठी एका शिंप्याच्या घरी गेले. त्यांच्या बायकोला विचारलं, घरातले निर्णय कोण घेतं? काका मशीनवरूनच म्हणाले, “लिही, दोघं मिळून.” काकूंनी मान डोलावली. पुढची उत्तरंही काकांनीच दिली आणि मी आपली मुकाट्याने लिहीत गेले. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, काका बाहेर गेले. काकू हळूच म्हणाल्या, “ते मघाचं सगळं खोड गं.” मुलाखतीच्या वेळी तिसरं माणूस नको, हा नियम मला तोंडपाठ होता. कळला तो त्या खोलीत.

खोलीवर परतताना मला सारखी तूच आठवत होतीस. ताई, तुझा फोन कायम स्पीकरवर असतो. मागे भाऊजी खाकरतात ते आम्हाला ऐकू येतं. दर रविवारी मी घरी जाते तेव्हा आई तुला फोनवर विचारते, “बरी आहेस ना गं?” तू म्हणतेस, “हो.” आई फोन ठेवते आणि म्हणते, “सुखात आहे हो माझी पोर.” मागच्या खेपेला तुम्ही आलात तेव्हा बाबांनी तुला चहा हवा का विचारलं, तर तू आधी भाऊजींकडे पाहिलंस. चहासाठी गं, ताई!

एका घरावरून सगळ्या घरांचं ठरवू नये, हेही शिकवलंय. मी चुकत असेन तर कान पिरगाळ, आनंदाने ओरडेन. पण मला भीती वाटते. आईला बोलले नाही. ती घाबरून लगेच फोन करेल, आणि तो उचलतील भाऊजी.

म्हणून लिहून विचारते. तू कशी आहेस?

उत्तर उशिरा दे, पण खरं दे. दवाखान्यातल्या फोनवरून एक शब्द बोललीस तरी पुरे. ‘अगं, पण भाऊजी तर किती चांगले आहेत’ असं मी म्हणणार नाही, तुझी शपथ.

माझ्या खोलीतली मैत्रीण सोडून गेली, तिची खाट रिकामी आहे. बहीण येईल असं मालकीणबाईंना सांगून ठेवलंय; कधी आणि का, ते त्यांनी विचारलं नाही. खोलीची दुसरी किल्ली या कागदामागे चिकटपट्टीने लावली आहे. पर्समध्ये नको, दवाखान्यातल्या तुझ्या खणातच ठेव. लागली नाही तर फार बरं. परत मात्र मी मागणार नाही.

तुझ्या उत्तराची धास्ती घेतलेली, तरी त्याचीच वाट पाहणारी,
तुझी भुणभुण