जप्तीचे हंडे माझ्या वर्गात

मंगळवार, २२ मार्च

घरपट्टी थकली म्हणून ग्रामसेवकाने घरोघरचे हंडे जप्त केले आणि ठेवले कुठे? माझ्या शाळेच्या एकुलत्या खोलीत! पोरं बाहेर कडुलिंबाखाली. ऐन दुष्काळात हंडे उचलतात? लातूर जिल्हा नवा झाला, वागणं जुनंच. जाब विचारला तर म्हणतो, "बाई, शाळेसाठीच वसुली चालू हाय. वसुली न्हाई तर दुसरी खोलीबी न्हाई." म्हणजे गरीब गावाने झाडाखालीच शिकायचं?

दुपारी पहिलीतली रमा खिडकीतून आत बघत म्हणाली, "बाई, त्यो पोचा पडलेला हंडा आमचा हाय. द्या की, टँकर आलाय."

खोलीची किल्ली माझ्याच पदराला होती. सकाळी हंडे ताब्यात मिळाल्याची सही करून मीच ती ठेवून घेतली होती.