निळ्या काठाचं फडकं

रिब्निक, ८ नोव्हेंबर १९९८

ती. हिल्डाताईस,
धाकट्या तेओफिलचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि कॉफीचं पाकीट पोचलं. कॉफी काकांनी स्वतःच्या कपाटात नेऊन ठेवली आणि लिडियाला सांगितलं की हिल्डाने ती मलाच पाठवली आहे, नाव लिहायचं तेवढं राहून गेलं. कोबी कापून पिंपात घातला. कबुतरं मजेत आहेत.

येत्या चार डिसेंबरला, खाणकामगारांच्या संत बार्बराच्या मिरवणुकीत, आमच्या वर्कशॉपचा झेंडा एर्विनकाका धरणार. जूनमध्ये ते निवृत्त होतात, म्हणून सगळ्यांनी मिळून हा मान दिला. रोज अंगणात फावड्याचा दांडा खांद्याला टेकवून चालून पाहतात. लिडिया म्हणते, कबुतरं आता सलामी द्यायची तेवढी बाकी आहेत.

आता मुद्द्याचं. फोनवर काका शेजारी बसलेले असतात, म्हणून लिहितो.

तू गेलीस तेव्हा खाणीत छताच्या रुळाला लटकून धावणाऱ्या आमच्या डिझेल गाड्या नव्हत्या. माणसं, सामान सगळं आता त्यांवरूनच जातं. इंजिनाचा धूर पाण्याच्या टाकीतून थंड होऊन बाहेर पडतो. पुरेसा थंड झाला नाही तर नळीच्या तोंडाशी असलेला सेन्सर इंजिन बंद करतो. आमच्याकडे खाली मिथेन किती आहे आणि तो कसा पेट घेतो ते तुला सांगायला नको. गुरुवारी काकांकडे देखभालीला असलेल्या सात नंबरच्या गाडीची तपासणी करताना मला त्या सेन्सरभोवती एक ओलं फडकं गुंडाळलेलं सापडलं. म्हणजे धूर कितीही तापला तरी सेन्सरला गारच वाटणार.

फडकं निळ्या काठाचं आहे. आईने तुझ्या लग्नासाठी बारा विणली होती, त्यातलं. तू ती नेली नाहीस, आणि ती कुठल्या खणात असतात हे घरात एकालाच माहीत आहे.

मी ते सोडून खिशात घातलं आणि कुणाला काही बोललो नाही. सापडलं की त्याच पाळीत लिहून द्यायचं, असा नियम आहे. आज चौथा दिवस. मी विचार करतोय असं स्वतःला सांगतो, पण खरं तर तू काय म्हणशील याची वाट पाहतोय.

तुझा लोभ आजवर पुरला, पुढेही पुरव.

तुझा
तेओ

बोट्रॉप, १४ नोव्हेंबर १९९८

चि. तेओस,
हिल्डाचे अनेक आशीर्वाद. सौ. लिडियालाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं. लहानपणी काच फोडलीस की तू स्वतःच शेजाऱ्याच्या दारात जाऊन उभा राहायचास, आणि मार मात्र आपल्या दोघांना बसायचा. अजून तसाच आहेस.

नीट ऐक. बाबा खाणीतून परत आले नाहीत तेव्हा तू बावीस वर्षांचा होतास, आणि तरी काकांनी तुझं कॉलेज थांबू दिलं नाही. स्वतःचं ठरलेलं लग्न मोडून आपल्या घरात राहायला आले, आईला शेवटपर्यंत सांभाळलं. तू तपासनीस झालास तेव्हा वर्कशॉपभर सांगत फिरले की आता माझ्या चुका काढायला घरचाच माणूस आला. त्या माणसाचं नाव तू कागदावर चढवणार? तेही झेंड्याच्या तीन आठवडे आधी? त्यांना एकट्याला बाजूला घे, समज दे, सेन्सर खराब असेल तर बदल. ते काही मूर्ख नाहीत. कागदावर काही नको. निदान बार्बरा होईपर्यंत थांब.

मी तिकीट काढलंय. काळा कोटही घेतला. इथल्या बेकरीवालीला सांगून ठेवलंय की आमचे काका झेंडा धरणार आहेत, तिला त्यातलं काही कळलं नाही तरी.

खात जा, झोपत जा, आणि माझ्यावर रुसू नकोस.

तुझी
हिल्डा

रिब्निक, २६ नोव्हेंबर १९९८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. रविवारी जेवताना लिडिया उठून गेल्यावर काकांसमोर फडकं ठेवलं. ते हसले. म्हणाले की तो सेन्सर म्हणजे आपली कोपऱ्यावरची एल्झाबाई, कुणाच्या चुलीतून धूर निघाला की आग लागली म्हणून गावभर ओरडत सुटते. चढावर गाडी बंद पडली की बत्तीस माणसांना दोन किलोमीटर पायी यावं लागतं, वर नेणारी लिफ्ट चुकते, त्यात निम्म्यांचे गुडघे गेलेले. मग शिव्या कुणाला, तर एर्विनला. साहेबांनी खुशाल नवा सेन्सर आणावा, आपण तोवर माणसं घरी पोचवतो. मग माझ्या ताटात मांसाचं आणखी एक रोलाड वाढून म्हणाले की तुझ्या चेहऱ्यावर रक्त नाही, खा. आणि पुन्हा बांधणार नाही म्हणून शब्द दिला.

मंगळवारी मी सात नंबर पाहायला गेलो. फडकं होतं. निळ्या काठाचंच, दुसरं. चालक पातेरोक मला म्हणाला की तुम्ही पहिलं नेलंत त्याच्या दुसऱ्याच दिवशी एर्विनने हे बांधलं, मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे, एकाच घरात राहता ना.

म्हणजे रविवारी काकांनी शब्द दिला तेव्हाही ते तिथेच होतं, आणि सोमवारी त्यांनी सोडलं नाही. पण ते त्यांचं झालं. माझं वेगळं आहे. तुझ्या उत्तराची वाट पाहत असताना मी एकदाही त्या गाडीकडे फिरकलो नाही. फडकं खिशात आहे म्हणजे प्रश्न खिशात आहे, असं मी धरून चाललो. त्या दिवसांत गाडी माणसं भरून एकेचाळीस वेळा चढावर गेली. नोंदवहीतून मोजलं.

काल मी फडकं काढून, जोडीला माझा तापमापक लावून, गाडी भारासह चढावर नेली. मर्यादा सत्तर अंशांची. अर्ध्या चढावर ब्याण्णव झाले आणि सेन्सरने इंजिन बंद केलं. ताई, सेन्सर खोटं बोलत नव्हता. टाकी उघडली तर आत मिठाचा बोटभर थर. गोड्या पाण्याची नळी सप्टेंबरपासून दुरुस्तीसाठी बंद आहे, म्हणून काका टाकीत खाणीचंच पाझरतं खारं पाणी भरत होते. पूर्वी पंपांना तेच चालायचं. मिठाने वाटा बुजल्या, धूर गरम निघू लागला, सेन्सर थांबवू लागला, आणि काकांनी सेन्सरला दोष दिला. त्याच जागी हवेत मिथेन होताच.

गाडीला मी लाल पाटी लावली. संध्याकाळच्या पाळीची माणसं चालत वर आली. काय काय बोलली ते लिहीत नाही.

आणखी एक, जे तुला आधी लिहायचं टाळलं. महिन्याची तपासणी भरलेल्या गाडीने चढावर करायची असते. ऑक्टोबरमध्ये काका म्हणाले की कबुतरांना दाणे घालायचेत, इथेच उरक. मी वर्कशॉपमध्ये उभ्या गाडीवर आकडे घेतले आणि ‘चढावर, भारासह’ या छापील ओळीखाली सही केली. तेव्हा ती नीट केली असती तर फडक्याची वेळच आली नसती. काकांनी बांधलं ते निदान बत्तीस माणसांसाठी. मी सही केली ती कबुतरांसाठी.

अहवाल लिहून टेबलावर ठेवलाय. फडकी, मीठ, ऑक्टोबर, सगळं आहे. उद्या सकाळी देणार. तुझ्या उत्तरासाठी थांबत नाही. एकदा थांबलो होतो.

रागावलीस तरी लिहीत राहा.

तेओ

बोट्रॉप, १ डिसेंबर १९९८

चि. तेओस आशीर्वाद.

तुझं पत्र आज आलं. सकाळी रागाने एक उत्तर लिहिलं, दुपारी फाडलं.

थांब म्हणून मी लिहिलं होतं. मला वाटत होतं की मी काकांचा विचार करतेय. ते एकेचाळीस वाचलं आणि कळलं की मी कोटाचा विचार करत होते. बाबा गेले तेव्हा कुणाच्या तरी बहिणीने असंच कुठेतरी थांब म्हणून लिहिलं असेल का, हे दुपारपासून डोक्यातून जात नाही. तू एकटा दोषी नाहीस. हे मी लाडाने म्हणत नाही.

तिकीट परत केलं. झेंड्याशेजारी काका नसलेले मला बघवणार नाहीत, आणि त्यांना मी बघताना बघवणार नाही. ते जेवतात ना, एवढं कळव.

तुझी
हिल्डा

रिब्निक, ६ डिसेंबर १९९८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जेवतात. आधीपेक्षा कमी, पण जेवतात.

त्या शुक्रवारी मी अहवाल घेऊन मुख्य अभियंत्यांकडे गेलो, तर काका आधीच तिथे बसलेले. अंगात रविवारचं जाकीट. माझा कागद त्यांनी टेबलावर वाचला होता. पाळीच्या तासभर आधी घरातून निघून त्यांनी सगळं स्वतः सांगितलं होतं. वर हेही की ऑक्टोबरची तपासणी मी पोराला फसवून उरकायला लावली, त्याला काही कल्पना नव्हती. मला म्हणावं लागलं की मी सेहेचाळीस वर्षांचा आहे, मला वाचता येतं, त्या ओळीत काय छापलंय ते सही करताना ठाऊक होतं. काका माझ्याकडे न बघता म्हणाले की शिकवून हेच मिळवलं.

दोन्ही फडकी अहवालाला जोडून घेतली. काकांना खाली उतरायची बंदी झाली. जूनपर्यंत वर दिव्यांच्या खोलीत काम, पाळी सुरू होताना खाली उतरणाऱ्यांना दिवे द्यायचे आणि संपताना परत घ्यायचे. माझा तपासणीचा अधिकार वर्षभरासाठी काढून घेतला. सगळ्या गाड्या भारासह चढावर नेल्या. आणखी दोन गाड्यांच्या टाक्यांत मीठ निघालं. त्यांच्या सेन्सरवर फडकी नव्हती, एवढंच. गोड्या पाण्याची नळी परवा सुरू झाली.

बार्बराच्या दिवशी काका गणवेश घालून, काळ्या तुऱ्याची टोपी लावून आले. मला वाटलं होतं घरी बसतील. झेंडा पातेरोकने धरला. चर्चमध्ये काका सर्वांत मागे उभे राहिले, मी त्यांच्याशेजारी. बाहेर पडताना पातेरोक झेंडा घेऊन आमच्यासमोर थांबला आणि काकांना म्हणाला की देव भलं करो, खाली उतरताना म्हणतो तसं. काकांनीही म्हटलं. मला तो काही बोलला नाही. मी तशी अपेक्षाही धरली नव्हती, असं लिहिणार होतो. पण धरली होती.

कालपासून काका माझ्याशी बोलतात. कबुतरांबद्दलच, पण बोलतात. खाली दोन ओळी लिहायच्या म्हणतात, म्हणून जागा सोडतो. लोभ कमी करू नकोस, या वर्षी तो जास्त लागेल.

तेओ

हिल्डे, आशीर्वाद. कोट परत करू नकोस, जूनमध्ये माझ्या निरोपाला घालून ये, उकडलं तरी. दिव्यांच्या खोलीत बरं आहे. पाळी सुटली की दिवे मोजतो. बत्तीस गेले की बत्तीस परत येईपर्यंत खिडकी सोडत नाही. फडकी बारातली दहा उरली आहेत. ती खणातून काढून बांधून ठेवली आहेत, आलीस की घेऊन जा. हाताशी असली की मी कुठे गुंडाळीन, याचा मला भरवसा नाही.

एर्विनकाका